मेहेरबानीचं क्रियापद

३ जून

चि. ठमाबाईंना मामाचे आशीर्वाद, आणि सोबत थोडा रागही.

'व्ही' अक्षराची तुझी कार्डं पोचली. अक्षर सुधारलंय, अक्कल अजून वाटेत असावी. 'व्हाउचसेफ' या क्रियापदाला तू वाक्य दिलंयस, 'राजाने दूताला उत्तर दिले नाही.' अगं, आपला इंग्रजी-मराठी कोश शाळेतल्या पोरांसाठी आहे. त्यांच्या घरी राजा येतो का? दूत येतो का? फार तर मीटर वाचणारा येतो. पहिल्याच दिवशी तुला नियम सांगितला होता. एक शब्द, एक अर्थ, एक वाक्य, आणि वाक्य घरातलं. आई, बाबा, भाऊ, बहीण, खोली, दार, पातेलं. वाचून पोराला वाटलं पाहिजे की हे तर आमच्याकडे रोज होतं. शब्द जितका जुनाट, तितकं वाक्य घरगुती हवं, नाहीतर तो शब्द पोरांच्या डोक्यावरून जातो. कार्ड परत पाठवतोय.

अर्थही तू नुसता 'देणे' असा ठोकून दिलायस. साध्या देण्याला इंग्रजीत 'गिव्ह' आहे. मग या म्हाताऱ्या क्रियापदाला लोकांनी अजून घरात का ठेवलंय? तू शाळेत इंग्रजी शिकवतेस म्हणे. तुझ्या मुलांची मला काळजी वाटते.

फोन करू नकोस. फोनवर ठरलेली गोष्ट मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि तुला तुझ्या सोयीने आठवते.

तुझी आई बरी आहे. तिच्या मागच्या खोलीला रंग देऊन घेतला. भेटेल तो म्हणतो, हल्ली बहिणीला इतकं कोण सांभाळतं? मी म्हणतो, त्यात काय एवढं, आपलंच माणूस. कोश संपला की वरची खोली तुझी, असं मी तिला म्हटलं होतं खरं, पण छापखानेवाले आता पुरवणी मागताहेत. तेव्हा कार्डांची खोकी अजून काही दिवस वरच राहतील. तिची काही तक्रार नाही. तिची कधीच नसते.

तुझा,
मामा

१२ जून

ती. मामांना नमस्कार. राग पोचला, आशीर्वाद पत्रात शोधतेय.

तुमचं बरोबर आहे, 'व्हाउचसेफ' म्हणजे नुसतं देणं नव्हे. दोन दिवस जुनी पुस्तकं घेऊन बसले. जिथे जिथे हे क्रियापद आलंय तिथे देणारा वर आहे आणि घेणारा खाली. जुन्या प्रार्थनांमध्ये ते भरपूर सापडतं. देवा, आम्हाला अमुक दे, तमुक दे. तिथे ते शोभतं, कारण देव वर असतो याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण माणसाने माणसाला काही दिलं आणि हे क्रियापद वापरलं, की वाक्याला वेगळाच वास येतो. दिलेली वस्तू बहुतेक वेळा लहान असते. एखादं उत्तर, एखादं हसू, बसायला एखादी खुर्ची. देणाऱ्याला मात्र ती फार मोठी वाटते. आणि घेणाऱ्याने ती मोठी आहे असं म्हणावं, हेही त्यात आलंच.

म्हणून अर्थ असा केला आहे: 'मेहेरबानी म्हणून देणे, आपण वरचे व घेणारा खालचा असे धरून देणे.'

वाक्य घरातलं हवं होतं. इंग्रजी कार्डावर लिहिलंय, त्याचं मराठी असं: 'त्याने आपल्या विधवा बहिणीला घरामागची लहानशी खोली मेहेरबानीने दिली.' पोरांना समजेल ना?

बाकी 'व्हेक्स' (सतावणे) आणि 'व्हाय' (चढाओढ करणे) यांची कार्डं सोबत आहेत.

आईचं शिवणयंत्र अजून जिन्याखालीच आहे का? तिथे तिला भर दुपारी दिवा लावून बसावं लागतं, म्हणून विचारलं. आणि खोकी तिच्या कापड बेतायच्या टेबलावरच आहेत ना? सहज आपलं.

तुमची,
ठमी

२० जून

ठमाबाई, शाब्बास!

अर्थ पसंत. वाक्य तर झकास. कोणाला दिलं, काय दिलं, सगळं जागच्या जागी, आणि ऐकायला डौलदार. असं वाक्य सुचायला घराकडे नीट बघावं लागतं. तुझ्या राजापेक्षा ही बहीण शंभर पटीने बरी. फक्त 'लहानशी' हा शब्द मी काढून टाकला. मागची खोली म्हटलं की ती लहान असणारच, पोरांना तेवढं कळतं. सही करून कार्ड छापखान्यात पाठवलं.

हो, यंत्र जिन्याखालीच आहे. वर आणायचं तर आधी खोकी हलवावी लागतील, आणि ती हलवली की 'एस' आणि 'टी'ची सरमिसळ झालीच म्हणून समज. तुझ्या आईने काल विचारलं, दादा, पुरवणी म्हणजे साधारण किती? मी म्हटलं, छबे, भाषा कधी थांबते का? हसली ती. स्वभाव चांगला आहे तिचा.

मामा

२८ जून

ती. मामांना नमस्कार.

'व्हाउचसेफ'चं वाक्य बदलायचं आहे. त्याऐवजी हे घ्या: 'इतके विचारूनही आजोबांनी उत्तर देण्याची कृपा केली नाही.' हेही घरातलंच आहे. कारण विचारू नका, पण बदला. कृपा करून बदला.

ठमी

४ जुलै

ठमे, पानं छापून झाली. वाक्य मरणपंथाला लागलं असल्याशिवाय मी ते बदलत नाही, आणि हे तर चांगलं ठणठणीत आहे. तुला आपल्याच चांगल्या कामाची लाज वाटते, हा तुझा जुना दोष. प्रकाशन शाळेच्या सभागृहात आहे. ये. तुझ्या आईला दुसऱ्या रांगेत जागा ठेवली आहे.

मामा

११ ऑगस्ट

ठमे,

तू आली नाहीस. शाळेत परीक्षा होत्या म्हणे. का आली नाहीस ते आता कळतंय.

सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, कोशातला एखादा शब्द वाचून दाखवा. मी आधीच खूण घालून ठेवली होती. म्हटलं, दुर्मिळ क्रियापद आहे, आजकाल कोणाला येत नाही, लोकांना जरा ऐकू दे. आणि वाक्य मला आवडलेलं. आधी इंग्रजी वाचलं, खणखणीत. मग मराठी वाचायला घेतलं. 'त्याने आपल्या विधवा बहिणीला' इथपर्यंत मी मजेत होतो. 'घरामागची' म्हटलं आणि मी काय वाचतोय ते मला ऐकू आलं. समोर दुसऱ्या रांगेत तुझी आई. स्वतः शिवलेला नवा पोशाख घालून, हात मांडीवर ठेवून बसलेली. मध्येच थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून वाचत राहिलो. 'खोली मेहेरबानीने दिली.' सगळं वाचलं. मग अर्थही वाचला, कारण पानावर तो त्याच्या शेजारीच होता. कोणीतरी मागे फिसकन हसलं. आमच्या शेजारणीने तिच्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. तुझी मामी स्वतःच्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, ते कार्यक्रम संपेपर्यंत तिला सापडलं नाही. आणि मग टाळ्या! इतक्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

माझ्याच कोशात, माझ्याच सहीने, माझ्याच तोंडून माझी अब्रू काढलीस. शिकवलं कोणी तुला? मीच ना? बोट धरून एकेक शब्द शिकवला, तो याच्यासाठी?

हे इथवर रागाने लिहिलं आणि मग दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आता पुढचं ऐक.

घरी येताना तुझी आई काही बोलली नाही. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "दादा, नळ सोडू का?" मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? ती म्हणाली, "नाही, विचारलेलं बरं." मग दुपारी, "दादा, खिडकी उघडू का?" संध्याकाळी, "दादा, पुढच्या खोलीत जरा बसलं तर चालेल का?" आवाजात राग नाही, रुसवा नाही. मी हो म्हटल्याशिवाय मात्र हलत नाही. काल बाहेरून येऊन ती आपल्याच घराच्या उंबऱ्याशी थांबली आणि मी मान हलवेपर्यंत तिने चपला काढल्या नाहीत. पोस्टमन बघत होता.

ठमे, मला घरात कुठे बसावं ते कळत नाही. हे तू सुरू केलंस, आता हे थांबव.

मामा

१८ ऑगस्ट

मामा,

तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून फक्त पत्र.

मी ते वाक्य तुमच्यावर नेम धरूनच लिहिलं होतं. 'पुरवणी' हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं. वाटलं, कार्ड तुमच्या हातात पडेल, तुम्हाला टोचेल, तुम्ही ते फाडाल, मला चार शिव्या द्याल आणि पुरवणीचं नाव परत काढणार नाही. सगळं तुमच्या-माझ्यात राहील. तुम्हाला ते ओळखूच येणार नाही, उलट तुम्ही त्यातलं 'लहानशी' काढून सही कराल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले. मग घाबरले. तेव्हा खरं कारण लिहायला हवं होतं. 'कारण विचारू नका' म्हणून मोकळी झाले, कारण तुम्हाला दुखवायची मला हौस होती, पण तुमच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती. परीक्षा दोन दिवस आधीच संपल्या होत्या.

आईला फोन केला. तिने उचलला आणि विचारलं, "बोलू का तुझ्याशी?"

मामा, तेव्हापासून शाळेत फळ्यावर एक शब्द लिहायला माझा हात उचलत नाही. नेम तुमच्यावर धरला आणि लागलं तिला. तिला 'विधवा' कोणी म्हटलेलं चालत नाही, हे मला माहीत होतं. बाबा गेल्यावर तो शब्द तिने आमच्या घरात कोणालाही उच्चारू दिला नाही. आणि मी तो छापून आणला.

पण लाज वाटते म्हणून खोटंही लिहिणार नाही. वाक्य चुकीचं नव्हतं. आजोबांनी घर बांधलं तेव्हा वरची खोली तिच्यासाठी काढली, दोन खिडक्यांची, शिवायला उजेड हवा म्हणून. हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. लग्न करून गेली तेव्हा ती म्हणाली, दादा, तुझी कार्डं वर ठेव, खोली रिकामी कशाला? खोली तिने तुम्हाला वापरायला दिली होती, मामा. ती परत आली तर टेबलावर खोकी, आणि तिला मागची खोली. वर भेटेल त्याच्याकडून तुम्ही शाबासकी घेताय.

मी हे थांबवू शकत नाही. माझ्याकडून होण्यासारखं होतं ते मी बिघडवून बसले.

ठमी

२ सप्टेंबर

ठमे,

तुझं पत्र वाचून तुला मोठं उत्तर लिहिलं होतं. फाडलं. त्यात मी फारच चांगला माणूस होतो.

परवा तुझ्या आईला जिन्यापाशी गाठलं. म्हटलं, छबे, जाऊ दे ती पुरवणी, वरची खोली तुला दिली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "उपकार झाले, दादा." आणि विचारलं, "आता जाऊ का?"

जिन्यात उभा राहिलो आणि कानशिलं तापली. खोली देताना मी पुन्हा तेच क्रियापद वापरलं होतं, फक्त मराठीत. एवढा जाडजूड कोश केला, आणि ज्याचं आहे त्याला परत करताना काय म्हणायचं ते तोंडात येईना. 'दिली' म्हटलं की मी वर चढतो. 'राहा खुशाल' म्हटलं तरी वरच. लोकांच्या शाबासक्या आठवल्या आणि एकेकीची शिसारी आली. 'त्यात काय एवढं' असं म्हणत मी त्या सगळ्या खिशात घातल्या होत्या.

मग बोलणं सोडलं. खोकी खाली आणायला लागलो. मामी म्हणाली, हमाल बोलवा, पाठ धरेल. म्हटलं, धरू दे. पाठ धरली. 'एस' आणि 'टी'ची सरमिसळ झाली, आणि काही बिघडलं नाही, कोश छापून झालाय. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. खोक्यांच्या बुडांचे चौकोन तरी निघेनात. लाकडावर तिच्या कात्रीचे ओरखडे आहेत, ते खोक्यांखाली होते. मी इतकी वर्षं त्यावर कोपर टेकून लोकांना शब्दांचे अर्थ सांगत होतो. यंत्र मी आणि मामीने मिळून वर चढवलं. तुझी आई कपडे द्यायला बाहेर गेली होती. परत आली, वर आवाज ऐकला, पण बघायला आली नाही.

आता खोकी जिन्यात पडली आहेत. खाली-वर जाणाऱ्याला अंग चोरून जावं लागतं. तिला एक गोष्ट विचारायची आहे आणि धीर होत नाही. आयुष्यभर वर्गात मीच प्रश्न विचारले, त्यामुळे हातात काही नसताना विचारायची सवय नाही. उद्या विचारीन.

तुझ्यावर राग आहे का, असं तू विचारलं नाहीस. आहे. पण त्यात आता दम राहिला नाही.

मामा

१० सप्टेंबर

प्रिय ठमे,

त्या पहिल्या फोननंतरही तुझे फोन आले, पत्रंही आली. उत्तर दिलं नाही, कारण राग होता आणि मला राग लिहिता येत नाही. शिवता येतो. एका पडद्याला इतक्या शिवणी मारल्या की तो आता वाऱ्यानेही हलत नाही.

आधी तुझं-माझं. मला खोलीचं काही वाटलं नाही. ती मागची आहे हे मला माहीत आहे, मीच राहते तिथे. लोक हसले त्याचंही नाही, लोक कशालाही हसतात. वाईट याचं वाटलं, की तुला हे सगळं दिसत होतं आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. मी प्रत्येक फोनवर सांगायची, मजेत आहे गं, आणि तू 'बरं' म्हणून तिकडे कार्ड लिहीत होतीस. मग मी मजेत आहे असं सांगत होते, त्याचीच मला लाज वाटली. भरल्या सभागृहात मला कळलं की माझं खोटं माझ्या मुलीला कधीचं ठाऊक आहे. आणि तो एक शब्द तू लिहिलास, तो मी इथे लिहीत नाही. दादाला म्हणावं, पुढच्या खेपेला वाक्य राहू दे, पण तो शब्द काढ. नुसती बहीण पुरे.

परवानगी मागत होते ते पहिल्या दिवशी टोमणा नव्हता. मला खरंच कळेना, या घरात माझं काय आणि दिलेलं काय. नळ कोणाचा, खिडकी कोणाची. दुसऱ्या दिवसापासून मात्र मुद्दाम. दादाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पोस्टमनच्या दिवशी जरा जास्तच झालं, मान्य आहे.

मग तो आला. मी वर टेबलापाशी उभी होते, तो चार पायऱ्या खाली, खोक्यांच्या मध्ये, कसाबसा. म्हणाला, "छबे, ही खोली तुझी होती. मी ती वापरली, आणि वर तुला मागची दाखवून लोकांकडून वाहवा घेतली. मला लाज वाटते." दादा असं म्हणाला, ठमे. ज्याने जन्मात कधी भाजीत मीठ जास्त पडल्याचं कबूल केलं नाही. मग घसा खाकरून म्हणाला, "खोकी ठेवायला आणि लिहायला मागची खोली मला वापरायला मिळेल का?"

'हो' माझ्या तोंडावर होतं. पण मी म्हटलं, "बघते. विचार करून सांगते."

आणि इतकं बरं वाटलं मला! तो खाली मान घालून उभा, मी वर. वर आणलेल्या स्टोव्हवर चहा ठेवला. तो उकळेपर्यंत त्याला तसंच ठेवलं. कप द्यायला खाली वाकले तेव्हा त्याचा हात दिसला. पाठ धरलेली, एका हाताने कठडा पकडलेला, दुसरा कपासाठी पुढे केलेला. तेव्हा तुझं ते क्रियापद मला कळलं. सभागृहात ऐकून नव्हतं कळलं एवढं. घेणाऱ्याला ते कसं लागतं हे मला ठाऊक होतं, पण देणाऱ्याला ते इतकं गोड लागतं हे ठाऊक नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "घे ना. विचारतोस काय, घर काय माझं एकटीचं आहे?" त्याने चहा सांडला.

आता तो मागे बसतो. काल भर दुपारी खालून ओरडला, "छबे, इथे तर दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो!" मी म्हटलं, "हो का?"

तुझ्यावरचा राग अजून थोडा आहे. तो पत्राने जायचा नाही. सुट्टी लागली की ये. वरच्या खोलीत उजेड चांगला आहे. समोर बस, आणि तुला काय काय दिसत होतं ते मला तोंडाने सांग. मीही मजेत आहे असं म्हणणार नाही.

आई